बुडबुडा नको

कुणी पाण्याचा पेला पुढे केला की मेश्रामकाका आधी विचारत, "कुठलं?" नळाचं, बोअरचं की टँकरचं, हे कळल्याशिवाय घोट घेत नसत. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मुलाकडच्यांना पगाराआधी बोअरची खोली विचारली होती.

सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर पाण्यातली किरणोत्सर्गी द्रव्यं मोजली. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमचे शेजारी होते आणि निवृत्तीनंतर फरीदाबादलाही समोरच्याच दारी आले.

डॉक्टरांनी बाबांची किडनी अशक्त झाल्याचं सांगितलं, तेव्हापासून बाबा दर रविवारी स्कूटरवरून अरवलीच्या पायथ्याशी जाऊन कॅनमध्ये झऱ्याचं पाणी भरून आणत. औषध म्हणून फक्त तेच पीत.

"देसाई, हे पाणी खडकातून येतं. त्यात युरेनियम असू शकतं, आणि ते किडनीलाच त्रास देतं, यार."

"लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात."

"त्यातल्या किती पिढ्या भेटल्या तुला?"

आई हसली. बाबा नाही. शेवटी ते नमुना द्यायला तयार झाले. काकांनी बजावलं, "बाटली काठोकाठ भरा. बुडबुडा नको, रेडॉन वायू निसटतो." आईने बाटली काठोकाठ भरली, पण पाणी उकळून, गाळून. दुसऱ्याच्या घरी कच्चं पाणी कसं पाठवायचं?

"वहिनी, रेडॉन उडून गेला आणि पाणी आटून युरेनियमचं प्रमाण वाढलं," काका म्हणाले. "पाहुणचार मात्र बिल्कुल उत्तम."

पुढच्या रविवारी ते स्वतः बाबांच्या मागे स्कूटरवर बसून गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून झऱ्यात उतरले आणि पाण्याखालीच बाटलीचं झाकण लावलं. रिपोर्ट येईपर्यंत रोज आपल्या घरचं आरओचं पाणी आणून देत. बाबा ते मुकाट्याने कुंड्यांना घालत.

रिपोर्टमध्ये युरेनियम मर्यादेच्या बरंच वर निघालं. आता महिनाभर टोमणे ऐकावे लागणार, असं मला वाटलं. काकांनी फक्त कागद बाबांसमोर ठेवला.

बाबा तो वाचून म्हणाले, "शंका होती, तर कॅनच का नाही ओतून दिलेस?"

"तू त्या पाण्यावर आशा ठेवून होतास. नुसत्या शंकेवर ती कशी काढून घेऊ?"

त्या दिवसापासून बाबांनी झऱ्याचं पाणी सोडलं.

काका या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. मागच्या आठवड्यात बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. किडनीचा आकडा वर्षभर होता तिथेच आहे, बिघडलेला नाही. बाबा तो कागद घेऊन समोर काकांच्या घरी गेले आणि काकूंना एकेक ओळ वाचून दाखवली.

"भाऊजी, मला यातलं काही कळत नाही हो," काकू म्हणाल्या.

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "पण या घरात दाखवायला नको?"