फॉल्ट नसला तरीही

कुसुममावशींनी उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. चूक झाली की त्या काहीतरी करून वाढायच्या. आमच्याकडे आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून माझा आवडता कप फुटला. तोंडातून अवाक्षर नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर टेबलावर थालीपीठ, त्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा, आणि मी पहिला घास घेईपर्यंत मावशी समोर बसून. कपाचं काय झालं ते मला कचऱ्याच्या डब्यातून कळलं. "चुकलं तर हात चालवावा, तोंड नाही," असं त्यांचं म्हणणं. "जिभेला हाड नसतं गं."

इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, माझ्या चार वर्षांच्या रियाला सांभाळायला त्या रोज सकाळी आठला चालत यायच्या. आमच्या भागात कामावर चालत येणारं दुसरं माणूस नव्हतं. मूळच्या मिरजेच्या, नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलाकडे कायमच्या आलेल्या. तो जवळच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचा. सून एकदाच सांगून मोकळी झाली होती, की काम करत असाल तर राहा, दिवसभर सोफ्यावर बसायचं असेल तर मिरज काय वाईट आहे. मावशींनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. "तिचं तरी काय चुकलं? भाकड म्हशीला कोण पेंड घालतं?"

मला त्यांचा लळा होता आणि त्यांची लाजही वाटायची. साडीवर मुलाच्या कॉलेजचं नाव लिहिलेलं जुनं हुडी, मोज्यांवर अंगठ्याच्या चपला. पार्कात कुणाला धक्का लागला तर नुसत्या बघत उभ्या राहायच्या. मग तिथल्या आया माझ्याकडे बघायच्या. म्हणून मी त्यांना इंग्लिश माफी शिकवायला घेतली. तीन वाक्यं देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवली: आय ॲम सो सॉरी. इट वॉज माय फॉल्ट. इट विल नॉट हॅपन अगेन. कणीक मळताना मावशी ती घोकायच्या. मी त्यांना थांबवून 'सो' लांबवायला लावायची, चेहरा पाडायला लावायची. नाही जमलं की पुन्हा. रिया टाळ्या वाजवायची. आता आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा मात्र मला मजा वाटत होती.

एकदा त्यांनी विचारलं, "आणि माझा फॉल्ट नसला तर?"

"तरीही म्हणायचं, मावशी. इथे त्याला पोलाइट म्हणतात."

त्यांनी मान डोलावली. सांगितलेलं ऐकणारं माणूस होतं ते.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी पार्कात रियानं समोरच्या घरातल्या केलीच्या मुलीला घसरगुंडीच्या शिडीवरून ढकललं. पोरीचं मनगट मोडलं. केली बाकावरून धावत येईपर्यंत मावशींनी चेहरा पाडला होता. त्यांनी तिन्ही वाक्यं न अडखळता म्हटली, 'सो' लांबवून. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीच्या मेसेज ग्रुपवर आलंसुद्धा, की नॅनीनं स्वतः कबूल केलंय.

मावशींनी मला घरी येऊन खरं सांगितलं. रियानं ढकललं, त्या दोन पावलांवर होत्या, हात पोचला नाही. रियाही मान खाली घालून "आय पुश्ड हर" म्हणाली. मी आणि नवरा स्वयंपाकघरात कुजबुजत राहिलो. पुढच्या वर्षी रिया त्याच मुलीच्या शाळेत जाणार होती. ढकलणारी मुलगी असा एकदा शिक्का बसला की वाढदिवसांची बोलावणी बंद. आणि मावशींनी तर कबूल केलंच होतं. "आता कशाला कॉम्प्लिकेट करायचं यार," नवरा म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातला बनाना ब्रेड घेऊन आणि मावशींना पुढे घालून मी केलीच्या दारात उभी राहिले. मावशींनी आपली तीन वाक्यं म्हटली. केली गोड हसली. "थँक यू फॉर अपॉलोजायझिंग," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, त्याच गोड आवाजात, तुम्ही आता दुसरं कुणीतरी बघाल ना, असं विचारलं. ब्रेड ठेवून घेतला आणि दार लावलं.

परतताना मावशी म्हणाल्या, "काय म्हणाली गं ती? केलं का माफ?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. "मग उद्या नेहमीच्या वेळेला येते."

"उद्यापासून नको, मावशी."

त्या थांबल्या. माफ केलंय, तर मग का, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी विचारलं नाही. रियाचा डबा घासून कुठे ठेवलाय तेवढं सांगितलं आणि त्या चालत निघून गेल्या. डिसेंबरात सुनेनं त्यांचं मिरजेचं तिकीट काढलं. निरोप द्यायला मी गेले नाही. ऑफिसात काम होतं असं सगळ्यांना सांगितलं. तसं काही काम नव्हतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. परवा किराण्याच्या दुकानात त्यांचा मुलगा भेटला. मावशी गेल्या, दोन महिने झाले. शेवटी शेवटी त्यांना भ्रम व्हायचा, तो सांगत होता. घरात कुणीही लहान मूल आलं की त्याचं मनगट हातात घेऊन, आता दुखत नाही ना, म्हणून विचारायच्या.

"तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की आपल्याच हातून झालं ते," तो म्हणाला. "पण तुमचं नाव चांगलंच काढायची. म्हणायची, माझ्या चुकीवर स्वातीनं पांघरूण घातलं, नाहीतर मला पोलिसांत दिलं असतं."

रियानं ढकललं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हायसं वाटलं. शेजारी रिया उभी होती, आता दहा वर्षांची, मराठी बोलत नसली तरी सगळं कळणारी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्यानं हात जोडले. "आईमुळे तुम्हाला फार त्रास झाला. सॉरी, स्वातीताई."

"असू दे," मी म्हटलं.