तिसरी हाक
घोडपदेवच्या आमच्या खानावळवाल्या काकींनी माझं तोंड दाबून धरलं, म्हणून आज मी आहे. माशांच्या आमटीत घालतात त्या तिरफळाचा वास आला की त्याच वासाचा त्यांचा तो हात आठवतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, बाहेर कर्फ्यू होता. शाळा अर्धी सोडून कोकणातून आलेला मी, गावी आजारी असलेल्या आईच्या काळजीत जेवत होतो, तोच खालून आईनेच हाक मारली. मी दाराकडे धावलो. "ओ देऊ नको रे," काकी कुजबुजल्या, "जिवंत माणूस तीनदा हाक मारता, भूत दोनदाच." दुसरी हाक जिन्यापाशी आली, मग गल्लीत गोळीबार झाला, तिसरी आलीच नाही. पुढे गावी आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याच सांजेक अंगणातून तू माका दोनदा हाक मारलंस. मी ओ देवक नाय." काकींना मूलबाळ नाही, त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मीच घालीन.