भिवापूरचा ठेचा आणि एकच सीट

कोल्हापूरहून निघालेली आमची गाडी नागपूरला पोचली तेव्हा माझी कंबर कामातून गेली होती आणि लेकीची झोप. मुक्ता सर्जन आहे. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं शिकायला आणखी एक फेलोशिप करावी लागते आणि इथल्या हॉस्पिटलात त्यासाठी सीट एकच होती. मागच्या वर्षी दुसऱ्या शहरात थोडक्यात हुकली. या वेळी हुकली तर नाद सोडून गावात दवाखाना टाकणार, असं तिनं गाडीतच जाहीर केलं होतं.

स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) मी चाटूनपुसून खाल्ले. तिनं नुसते चिवडले. रिक्षावाल्यानं विचारलं, "पेशंट कोन हाय जी?" ही कॅन्सरची डॉक्टर होणार, असं सांगताच त्यानं तोंडातला खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) थुंकून टाकला.

हॉस्पिटलात उमेदवार ओळीनं बसले होते. सोयरीक बघायला आल्यासारखा मी एकेकाला न्याहाळत होतो. शेजारी भिवापूरचा डॉक्टर प्रफुल्ल पुस्तकात मान घालून बसला होता. सोबत त्याची आई. तिनं डबा उघडला.

"खा ना जी, लाजून काहून राहिले?"

शत्रुपक्षाचं अन्न! पण भाकरी आणि घरच्या मिरचीच्या ठेच्याचा वास सोडवेना. पहिल्या घासालाच माझा कोल्हापुरी तोरा डोळ्यांवाटे वाहून गेला. बाई पदराआड हसली. स्वतः मात्र दूधभात चिमटी-चिमटीनं खात होती.

"काकू, ठेचा नाही घेत?" मुक्तानं विचारलं.

"आग होते वं तोंडाची."

मुक्ता पुढं काही विचारणार होती, पण प्रफुल्लकडे पाहून थांबली. तो मुलाखतीला आत गेल्यावर तिनं बाईंना खिडकीपाशी नेलं. "आ करा." तोंड दोन बोटंही उघडेना. मोबाइलच्या उजेडात गालाच्या आतला पांढरा चट्टा मलाही दिसला.

"मुलाला माहीत आहे?"

"नाही सांगतलं. मी खर्रा खातो हेच त्याले ठाऊक नाही. त्याचा अभ्यास बुडला असता ना. त्याची सीट लागू दे, मंग दाखवीन."

पोरगा ज्या आजारावरचे इलाज शिकायला धडपडत होता, त्याच आजाराची भीती आई त्याच्या मुलाखतीपायी गिळून बसली होती.

आज तपासल्याशिवाय घरी जायचं नाही, असं बाईंकडून कबूल करून घेऊनच मुक्ता आपल्या मुलाखतीला गेली. बाहेर आल्यावर तिनं प्रफुल्लला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हातातलं पुस्तक बाकावर टाकून आईकडे धावला. मग दोघांनी मिळून बाईंना तपासणीला नेलं. तिथं चट्ट्याचा तुकडा तपासायला काढून घेतला.

संध्याकाळी निकाल लागला. सीट प्रफुल्लला मिळाली.

मायलेक आम्हाला सोडायला स्टेशनावर आले. बाईंनी मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि मुक्ताला म्हणाल्या, "तुही सीट माह्या पोरानं घेतली वं."

"घेतली नाही काकू, मिळवली. आता त्याचं ऐका. खर्रा बंद."

वर्धा येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी रडू दिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आबा, पुढच्या वर्षी परत बसते." दवाखान्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

प्रवासाहून माणूस काही ना काही घेऊन येतो. आम्ही सीट आणायला गेलो आणि परक्या घरची काळजी घेऊन परतलो. मला त्याचं वाईट वाटत नाही.

बायकोनं दारातच विचारलं, "सीटचं काय झालं गं?"

"गेली," मुक्ता म्हणाली आणि चपला काढायच्या आधी प्रफुल्लला फोन लावला. "काकूंचा रिपोर्ट आला का?"