भासऱ्यासमोरची सभा

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी गावच्या सेवा सोसायटीत आईचं नाव लागलं. बाबा होते तोवर घरातलं मत ठरलेलं असायचं. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, सोसायटीचे अध्यक्ष, मत त्यांना. या निवडणुकीला आई म्हणाली, "एक डाव मले माह्या मनानं टाकू दे." कुणाला, ते तिनं मलाही सांगितलं नाही. पण मोठेबाबांना नाही, एवढं दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं.

आठवड्याभरात तिच्या नावावर हरकत आली. पाच वर्षांत ती एकाही सर्वसाधारण सभेला हजर नव्हती, सबब मतदार यादीतून नाव कमी करावं. हरकत घेणारे मोठेबाबा.

आता रजिस्टरवर तर दरवर्षी आईची सही होती. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बसत नाही की बोलत नाही. अध्यक्षच भासरे म्हटल्यावर ती सभेला जाणार कशी? म्हणून सभा आटोपली की सोसायटीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, आणि आई कणकेचे हात पुसून सभेला हजर व्हायची. रजिस्टर पाठवायचे मोठेबाबाच. सही घरी झाली हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार?

सुनावणी चिखलीला सहकार खात्याच्या साहेबांपुढे होती. एसटीत मी आईला वाटभर पढवलं, की सही सभेतच केली एवढंच म्हणायचं. तिनं मान हलवली. कार्यालयात मोठेबाबा खुर्चीवर बसलेले, म्हणून ती पदर ओढून दाराबाहेरच थांबली. साहेब मला विचारायचे, मी बाहेर जाऊन तिला विचारायचो, परत येऊन साहेबांना सांगायचो. दोन फेऱ्या झाल्यावर साहेबांनी तिलाच आत बोलावलं. ती आली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सही घरीच केली साहेब. भासऱ्यासमोर कशी बसू?"

"भासऱ्याची तरतूद नियमात नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी नाव कापलं. मला आईचा इतका राग आला, की परतताना मी एसटीत वेगळ्या सीटवर बसलो.

मग आम्ही नागपूरला हायकोर्टात गेलो. निवडणूक सुरू झाली आहे, आता मध्ये पडता येणार नाही, निकालानंतर काय ती दाद मागा, असं कोर्टानं सांगितलं. नंबर लागायला दुपार झाली, सांगून व्हायला पाच मिनिटं. मोठेबाबा मोठ्या फरकानं निवडून आले. तुझ्या एका मतानं काही बदललं नसतं, असं मी आईला समजावलं. मी चुकलो होतो, तिला निकाल बदलायचा नव्हता, स्वतःच्या मनानं मत टाकायचं होतं, आणि ते मला पाचव्या दिवशी कळलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेला मी पोचलो तेव्हा आई आधीच पहिल्या ओळीत बसली होती. समोर टेबलाशी मोठेबाबा छताकडे बघत विषय वाचत होते. मला पाहून थांबले.

"तुह्या मायले घरी घेऊन जाय बे. रजिस्टर पाठवून देतो."

लग्न होऊन या घरात आल्यापासून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहिलं.

"इथंच द्या," ती म्हणाली. "मले पुढच्या खेपेले मत टाकाचं हाये."