यादी करणारे वॉल्टर साहेब

सौदी अरेबियातल्या रास तनुराच्या रिफायनरीवर आमच्या ठेकेदार कंपनीने वॉल्टर साहेबांना प्रशिक्षण अधिकारी म्हणून आणले, तेव्हा मी तिथे टाइमकीपर होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे नाव तीनदा विचारून नीट उच्चारले. अमेरिकेत आपल्या राज्याच्या विधिमंडळाचे ते आठ वर्षे सदस्य होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

त्यांच्या गावात कागदाची गिरणी होती. तिचे घाण पाणी नदीत सोडायला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. गिरणी बंद पडली आणि पुढची निवडणूक ते हरले. "कायदा योग्यच होता," ते एकदा मला म्हणाले, "पण कामगारांना बातमी दारावरच्या नोटिशीतून कळली. मी त्यांच्यासमोर गेलोच नाही."

पुढे सौदीकरणाची वर्षे आली. आमच्या जागी सौदी माणसे घ्यायची होती आणि परत कोणाला पाठवायचे याची यादी साहेबांनी करायची, असा हुकूम निघाला. त्यांनी विरोध केला, तो चालला नाही, आणि यादी त्यांनी केली. साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात हे लिहू नये, असे काही मित्रांचे म्हणणे पडले. मला ते वगळता येत नाही.

शुक्रवारी नमाजानंतर साहेब कॅम्पात आमच्या खोलीवर आले. खेडचे पाइपफिटर इब्राहिमभाई खाटेवर बसले होते. त्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून साहेबांचे शब्द मलाच मराठीत सांगावे लागले : "इब्राहिमभाई, यादीत तुमचं नाव आहे. ते मीच लिहिलंय."

इब्राहिमभाई खाटेवरून उठले. मग मला म्हणाले, "त्यांना विचार, माझ्या कामात काही खोट होती का?"

"नाही," साहेब म्हणाले. "कधीच नाही."

त्या दिवशी ते यादीतल्या प्रत्येकाच्या खोलीत गेले. एका ठिकाणी शिव्या मिळाल्या. मी त्या इंग्रजीत सांगितल्या नाहीत, तरी त्यांना कळल्या.

प्रत्येकाला त्यांनी स्वहस्ते शिफारसपत्र दिले. पन्नाशी उलटलेल्या इब्राहिमभाईंना त्याने काम मिळाले नाही. काही वर्षांत ते गेले. साहेबांचा ईदचा फोन मात्र त्या घरी अजूनही येतो.

आज साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गुडघे आणि नजर, दोन्ही थकली आहेत. मागे त्यांनी अमेरिकेहून फोनवर मला विचारले, "त्या घरात माझ्याबद्दल राग आहे का?"

मी खेडला जाऊन इब्राहिमभाईंच्या पत्नी जुलेखाभाभींना विचारले. त्या म्हणाल्या, "होता. थोडा अजून आहे. पण त्यांना म्हणावं, या. जेवल्याशिवाय पाठवणार नाही."

एवढ्या लांबच्या प्रवासाची ताकद साहेबांना मिळो आणि तोवर भाभींनाही आयुष्य लाभो, हीच आम्हा जुन्या सहकाऱ्यांची दुआ.