थरथरत्या पाटाची शिसारी

पाक सू मोख्तार क्लबच्या नव्या यंत्रावर, विजेवर थरथरणाऱ्या व्यायामाच्या पाटावर, थुंकला, ही बातमी शुक्रवारच्या नमाजानंतर चहाच्या टपरीवरून निघाली आणि भाताच्या गिरणीपर्यंत पोचेस्तोवर तो त्यावर मुतलादेखील. खरं एवढंच, की ते पुसायला तो वाकला आणि त्याला उमासा आला.

येणारच. तीस वर्षं हा सगळ्यांचा पाक सू, धाकटा काका, सेपाक ताक्रोच्या, म्हणजे वेताचा चेंडू पायानं जाळीपलीकडे मारायच्या खेळाच्या, पोरापोरींचे पाय ताणत आला. घामट टाचा, फुटकी नखं, सगळं हातात धरलं, कधी नाक मुरडलं नाही. पण या थरथरत्या पाटाची त्याला शिसारी बसली.

क्लबचे अध्यक्ष हाजी रमली यांनी पाट आणला आणि वरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, तोवर वस्तू कोरी दिसली पाहिजे. आमच्याकडे सोफ्याचं प्लास्टिकही नातवंडं होईस्तोवर निघत नाही. साहेब तीन महिने आलेच नाहीत. पाट मात्र चालू. पोरं त्यावर उभी राहत, समितीच्या बायका पोटं हलवून घेत आणि हाजी तर रोज नासी लेमाक, नारळाच्या दुधातला भात, चापून वीस मिनिटं थरथरत. सगळ्यांचा घाम प्लास्टिकखाली शिरून पिवळा पडला, कडेनं बुडबुडे यायला लागले.

वर हुकूम सुटला: दोन मिनिटं पाटावर, ताणणं बंद.

"अर्धा अर्धा तास पाय धरून बसतोस, मोख्तार," हाजी म्हणाले. "हा खेळ आहे की बाळंतिणीची मालिश?"

यात हस्मिदाचं वाटोळं होत होतं. ती तेकोंग, सर्व्हिस मारणारी. पाय डोक्याच्या वर गेला तरच तिचा चेंडू कापत जातो. शनिवारी इथल्याच मैदानावर राज्याच्या संघाची निवड, आणि गुरुवारी पाय खांद्याशीच अडला.

"पाक सू, मुंग्या आल्यागत मांड्या हलक्या वाटतात, पण पाय वर जात नाही."

"पाटावर उभी कशी राहतेस?"

"ताठ. हाजींनी सांगितलंय तशी."

"ताठ उभं राहून अंग सुटत असतं, तर विजेचे खांब नाचले असते गं."

त्यानं प्लास्टिक टराटरा फाडलं. खाली केस, नखाचे तुकडे, भाताची शितं आणि मेलेल्या माशासारखा दर्प. तेव्हाचा तो उमासा. साबणानं तीनदा घासून त्यानं हस्मिदाची टाच पाटावर ठेवली, गुडघा सरळ करवला आणि तिला पुढं वाकवून धरलं. खालून थरथर, वरून ताण. अर्धं मिनिट, मग सोड, मग पुन्हा.

"दुखतंय?"

"ओढतंय नुसतं."

"ओढू दे. दुखलं की सांग."

पाचव्या खेपेला तिचं कपाळ नडगीला टेकलं. शनिवारी सामन्याआधी पुन्हा तेच केलं. पाय कानावरून गेला आणि नाव यादीत लागलं.

त्याच संध्याकाळी क्लबच्या जेवणात हाजी ताटावरूनच गरजले, "बघितलंस? माझ्या पाटानं पोरगी यादीत आणली. उद्यापासून तू घरी बस."

हस्मिदा काही बोलणार होती. पाक सूनं तिला हातानंच थांबवलं, तोंडातला घास सावकाश गिळला आणि म्हणाला,

"तुआन हाजी, त्या पाटावर सगळ्यांत जास्त तुम्ही उभे राहिलात. वाकून आपल्या पायाचा अंगठा धरून दाखवा, मी आत्ता घरी जातो."