‘मालक’ म्हटलं की मागं वळून पाहणारे मावसा

निजामाच्या साऱ्या मुलखात घरमालक व्हायला माझ्या मावशीच्या यजमानांइतका नालायक माणूस दुसरा नसेल, आणि किरायानं राहायचं झालं तर त्यांच्याइतका लाखमोलाचा मालकही कुणाला मिळाला नसता. आम्ही त्यांना मावसा म्हणायचो. सरकारी नोकरीत लेकरांना देवीची लस टोचत ते उभा जन्म हिंडले. आज सिरसाळा, उद्या धर्मापुरी, आणि जाईल तिथं दुसऱ्याचं घर. त्यामुळे किरायादाराच्या सगळ्या सवयी अंगात मुरल्या होत्या. चालताना पावलांचा आवाज नाही, दार लावायचं ते हळूच, भिंतीत खिळा मारायचा तर आधी मालकाला विचारायचं. मावशी मिरच्या कांडायला बसली की हे धावत येऊन उखळाखाली गोणपाट सारायचे. मूलबाळ नव्हतं. मावशीला हौस एकच होती: म्हातारपणी आपलं घर असावं आणि त्यात मोठ्यानं बोलावं.

पेन्शन झाल्यावर त्यांनी बीडला नदीच्या अंगाला एक जुनं घर घेतलं. मी तेव्हा कचेरीत नुकताच नोकरीला लागलो होतो आणि दोन्ही वेळा मावशीकडेच जेवत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. घराचे दोन भाग होते. पुढचा गल्लीला लागून, कोंदट आणि काळोखा. मागचा ऐसपैस, त्याला अंगण, आड आणि कडुनिंबाची सावली. मागं आपण राहायचं आणि पुढचा भाग किरायानं द्यायचा, असं ठरलं. डागडुजी सुरू झाली. गवंड्यानं ‘मालक, चुना कुठं टाकू?’ म्हणून विचारलं, तर मावसांनी कोण आलं म्हणून मागं वळून पाहिलं. माळवदावर पांढरी माती पसरून झाली, तेव्हा छत गळतं का ते बघायला ते स्वतः वर चढून घागरी ओतत बसले. खाली मावशी भाकरी थापत होती. गळतं की नाही ते तिनं खालूनच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. मावसा वरून म्हणाले, “हळू बोल, मालक ऐकल...” आणि मग त्यांनीच जीभ चावली.

पुढचा भाग तयार झाल्यावर एका दुपारी ते तिथं किरायादार असल्यासारखे आडवे झाले. घामाघूम होऊन बाहेर आले ते तोंड पाडूनच.

“इथं माणूस कसा राहील?” ते म्हणाले.

“जलमभर असल्याच घरात राहिलो की आपण,” मावशी म्हणाली.

“म्हणून तर! जे आपल्याला सोसलं न्हाई, ते दुसऱ्याला कसं द्यायचं?”

आणि मागचा भाग किरायानं द्यायचा ठरला. मावशी आपली गाठोडी उचलून पुढच्या काळोखात गेली. ती काही बोलली नाही, हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं.

घर बघायला येणाऱ्याला मावसा आधी घराच्या खोडी सांगायचे. आडाचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, भिंतीतून विंचू निघतात, शेजारचा लोहार भल्या पहाटे ऐरणीवर ठोकत बसतो. कापसाचा एक अडत्या विंचवाचं ऐकून उंबऱ्यावरूनच फिरला. शेवटी सरकारी शाळेतले उर्दूचे मास्तर आले. बरोबर बायको आणि म्हातारी आई. सगळं ऐकून ते हसले. “मालकसाब, ऐब सांगणारा मालक पैल्यांदाच बघायलो मी. राहीन तर इथंच!”

ते राहायला आले त्या दिवसापासून मावसा स्वतःच्या आडावर पाणी शेंदायला खाकरून, परवानगी घेऊन जाऊ लागले. मास्तरांची आई निजली असेल म्हणून मावशीचं मोठ्यानं बोलणं पुन्हा बंद झालं. पुढच्या भागात धुराला वाट नव्हती. चुलीपुढं बसून तिचे डोळे लाल होत. एक दिवस आम्हाला वाढता वाढता ती थांबली.

“आवो, एक इचारू? कावून घेतलं हे घर? जलमभर लोकांच्या घरात दबकून राहिले. आता सवताच्या घरात बी मी किरायादारीणच हाय.”

मावसा लगेच उठले. जेवण तसंच टाकून ते मास्तरांना भाग बदलायला सांगायला गेले, आणि बायकांच्या न्हाणीला भिंतीचा आडोसा बांधून द्यायचं कबूल करून आले. दुसऱ्यांदा गेले ते उपरण्यात सीताफळं बांधून घेऊन आले. मग मावशी पदर खोचून स्वतःच गेली. आम्ही दोघं उंबऱ्यावर वाट बघत बसलो. कितीतरी वेळानं ती परतली.

“सांगितलंस का?” मावसांनी विचारलं.

“काय सांगू? म्हातारीला दिसत न्हाई. बाजंवर पडून निंबाची सळसळ ऐकती. म्हणली, माई, या घरात आल्यापून मला झोप लागती. तिला उचलून या अंधारात आणू?” तिनं खोचलेला पदर सोडला. “पर गवंड्याला बोलवा. या मागच्या भिंतीत दार पाडा, चुलीवर धुराडं काढा. आन कुनाला इचारत बसू नका.”

मावसांनी खरंच कुणाला विचारलं नाही. अंगणात जायला दार झालं, धुराडं निघालं, आणि मावशीच्या दुपारी निंबाखाली म्हातारीच्या बाजेशी जाऊ लागल्या. म्हातारीला ऐकायलाही जरा कमी येई, त्यामुळे मावशीला मोठ्यानंच बोलावं लागे. तिचं ते बोलणं मला कचेरीतून येताना गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं.

पुढं मास्तरांची बदली झाली. म्हातारीला गाडीत बसवताना मावसा रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल अशी माफी मागत होते, जणू रस्ताही त्यांच्याच मालकीचा. मावशी मागच्या भागात राहायला गेली. एवढी वाट पाहिलेली जागा तिला मिळाली, पण निंबाखाली ती फार वेळ बसत नसे. पुढचा भाग बघायला माणसं येत. आता विंचवाचं कुणी सांगत नव्हतं, तरी मावशीच एकेका माणसाला नापसंत करायची. कुणी फार घाईतलं, कुणाबरोबर म्हातारं माणूसच नाही. भाग रिकामाच राहिला. तरी दिवेलागणीला ती तिथंही एक पणती लावून यायची.

एकदा मी म्हणालो, “मावशे, रिकाम्या घरात तेल कावून जाळतीस?”

“अंधार दिसला तर माणूस इचारायला बी थांबत न्हाई,” ती म्हणाली.

मावसा उठले, आणि गल्लीकडचं दार सताड उघडं टाकून आले.